कामाचा पहिला दिवस : दुकानात पाऊल टाकण्याआधी

 

आम्ही म्हणजे गुलमंडी, मछलीखडक, औरंगपुरा या भागातल्या कापडाच्या आणि साड्यांच्या दुकानांत बरीच वर्षं काम केलेल्या काही बाया. आमच्यातल्या कुणी फुलंब्रीकडून येतात, कुणी करमाडहून, कुणी बिडकीनहून. सकाळी घरचं आवरून एसटी नाहीतर रिक्षा धरायची, पैठणगेटला उतरायचं आणि गर्दीतून वाट काढत दुकान गाठायचं, हा आमचा रोजचा शिरस्ता.

दसरा-दिवाळी जवळ आली की गुलमंडीतल्या दुकानांवर पाट्या लागतात, ‘सेल्सगर्ल पाहिजेत’. लग्नसराईच्या आधीही तसंच. मग तुमच्या-आमच्या गावांतून लेकीबाळी, सुना कामाला येतात. कुणाला बारावीनंतर पुढं शिकायला पैसे हवे असतात, कुणाला गटाचा हप्ता फेडायचा असतो, कुणाच्या घरात यंदा कपाशीनं दगा दिलेला असतो. काम मिळालं की घरात आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. आज आम्ही बोलणार आहोत ते या नव्या कामाच्या पहिल्या दिवसाबद्दल.

नव्या मुलीला पहिल्या दिवशी दुकानात काय शिकवतात? कोणत्या कप्प्यात कोणती साडी, सेमी पैठणी कोणती आणि हातमागाची कोणती, चिठ्ठीवरचा भाव कसा वाचायचा, गिऱ्हाईक उठायला लागलं तर काय दाखवायचं, घडी कशी घालायची, मोबाईल कुठं जमा करायचा. हे सगळं नीट शिकवतात, कारण त्यावर धंदा चालतो. पण आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, शिडीवर कसं चढायचं, लघवीला कुठं जायचं, कुणी अंगाला हात लावला तर कुणाला सांगायचं, हे फार थोड्या ठिकाणी सांगतात. मोठ्या कारखान्यांत नव्या कामगाराला आधी सुरक्षेची माहिती देतात, टोपी-बूट देतात, भिंतीवर पाट्या असतात. दुकानात धोका दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. पण धोका तिथंही असतो. तेव्हा जी माहिती दुकानात मिळत नाही ती आपण घरातून, गटातून देऊन मुलीला पाठवायची. आम्ही ती सहा गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट, बाहेर पडायची वाट.

गुलमंडीतली दुकानं तुम्ही पाहिली आहेत. समोरून अरुंद, आत लांबच लांब. खाली साड्या, वर ड्रेस मटेरियल, त्याच्या वर गोदाम, कुठं फॉल-पिकोची मशीन. वर जायला एकच जिना, आणि त्या जिन्याच्या पायऱ्यांवरही खोकी रचलेली. भिंतीला चिकटून छतापर्यंत कापड. यातलं बरंच कापड सिंथेटिक. ते जळताना वितळतं आणि त्याचा धूर विषारी असतो.

आपल्या शहरानं हे जवळून पाहिलंय. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणी भागात एका इमारतीत तळमजल्यावरच्या कपडे शिवायच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरंही होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचली नव्हती, धूर पोचला होता. त्याच्या तीनच महिने आधी, ३१ डिसेंबर २०२३ ला, वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला रात्री आग लागली. कामगार आतच झोपलेले होते. काही जण बाहेर पडू शकले, सहा जणांना बाहेर पडता आलं नाही.

ही दुखणी एकट्या आपल्या शहराची नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ ला कपडे शिवायच्या एका कारखान्याला आग लागली. १४६ कामगार गेले, त्यांत बहुतेक तरण्या मुली होत्या. कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून एक दार कुलूप लावून ठेवलेलं होतं. त्यानंतर तिथं कायदे बदलले. शंभरावर वर्षं झाली, तरी चोरीच्या भीतीनं मागचं दार बंद करायची सवय जगात कुठंच पुरती गेलेली नाही.

म्हणून पहिल्या दिवशी मुलीनं एवढं करायचं. आपण जिथं उभ्या राहतो तिथून रस्त्यापर्यंत एकदा चालत जायचं आणि पावलं मोजायची. किती पायऱ्या, कुठं वळण, कुठं उंबरा, हे लक्षात ठेवायचं. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, तेव्हा पावलांची आठवण उपयोगी पडते. दुसरा जिना आहे का, गच्चीवर जाता येतं का, शेजारच्या गच्चीवर उतरता येतं का, मागच्या दाराची किल्ली कुणाकडं असते, हे विचारून घ्यायचं. विजेचं मेन बटण कुठं आहे ते पाहायचं. आग विझवायचं लाल नळकांडं कुठं टांगलंय, त्याच्यापुढं माल रचलेला नाही ना, त्यावरची तारीख संपलेली नाही ना, तेही पाहायचं.

ते नळकांडं वापरणं अवघड नाही. पिन ओढायची, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरायचं, वरच्या ज्वाळेवर नाही, मग दांडा दाबायचा आणि नळी डावी-उजवीकडं फिरवायची. पण हे आग लहान असेल आणि आपल्या पाठीमागं बाहेरची वाट मोकळी असेल तरच. नाहीतर साड्या, पर्स, चपला सगळं सोडून बाहेर पडायचं. धूर वर चढतो, म्हणून खाली वाकून, गरज पडली तर रांगत जायचं, नाकातोंडावर ओला रुमाल नाहीतर ओला पदर धरायचा. विजेची आग असेल तर पाणी टाकायचं नाही. अंगावरच्या कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही, पळालं की ज्वाळा वाढते. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडायचं. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावायचं नाही. नायलॉन कातडीला चिकटलं असेल तर ते ओढायचं नाही, तसंच झाकून दवाखान्यात न्यायचं. अग्निशमन दलाचा नंबर १०१, ॲम्ब्युलन्सचा १०८.

आणि एक गोष्ट गुलमंडीपुरती. अग्निशमन दलाचं मुख्य केंद्र पदमपुऱ्यात आहे, फार लांब नाही. पण दिवाळीच्या गर्दीत सुपारी मारुतीच्या आसपास दोन्ही बाजूंना मोटारसायकली लागलेल्या असतात, हातगाड्या असतात, माणसाला चालायला वाट नसते. तिथं बंबाची गाडी यायला वेळ लागणारच. म्हणजे पहिली काही मिनिटं आपली आपल्यालाच काढायची आहेत. त्यासाठीच ही पावलं मोजायची.

दुसरी गोष्ट, चढणं, उचलणं आणि वीज.

गिऱ्हाइकानं सगळ्यात वरच्या कप्प्यातली साडी मागितली की नवी मुलगी धावत शिडीवर चढते, कारण तिला चपळ दिसायचं असतं. दुकानात पडायची वेळ येते ती अशी. शिडी डुगडुगत असेल तर चढायचं नाही, खाली कुणीतरी ती धरल्याशिवाय चढायचं नाही. खुर्चीवर स्टूल, स्टुलावर खोकं, असले मनोरे तर मुळीच करायचे नाहीत. चढताना एक हात शिडीला हवा, म्हणून दोन्ही हातांत माल घ्यायचा नाही. साडी असेल तर पदर कमरेला खोचायचा, ओढणी असेल तर मागं गाठ मारायची. फॉल-पिकोच्या मशीनवर बसणाऱ्या मुलीनं केस बांधायचे आणि ओढणी पट्ट्यापासून, चाकापासून लांब ठेवायची.

साड्यांचा गठ्ठा जड असतो. तो एकटीनं उचलायचा नाही. फोडून दोन-तीन खेपा करायच्या, नाहीतर दोघींनी धरायचा. उचलताना कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यांत बसायचं, गठ्ठा पोटाशी धरायचा आणि मग उठायचं. आपण विहिरीवरून हंडे आणलेल्या बाया, आपल्याला वाटतं हे काय ओझं! पण हंडा डोक्यावर सरळ असतो. इथं गादीवर वाकून दिवसभर साड्या उलगडायच्या आणि मधूनच गठ्ठे ओढायचे, त्यानं कंबर धरते. पोटुशी असेल, नुकतीच बाळंत झाली असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं की मी गठ्ठे उचलणार नाही.

उघडी वायर, गरम होणारा बोर्ड, करपल्याचा वास, एकाच प्लगवर चार-चार पिना दिसल्या तर लगेच सांगायचं. कुणाला शॉक बसला तर त्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन बटण बंद. ते सापडत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं वायर बाजूला करायची.

तिसरी गोष्ट, उभं राहणं.

ज्या दुकानांत गादी नाही, काउंटर आहे, तिथं मुली सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभ्या असतात. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा बऱ्याच ठिकाणचा दंडक. बसलेली मुलगी आळशी दिसते म्हणतात. चार-सहा महिन्यांत टाचा दुखायला लागतात, पायांच्या शिरा फुगतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या पायांवर या निळ्या शिरा आहेत.

हे दुखणं घेऊन एका बाजारातल्या बायांनी काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. केरळात कोळिकोड नावाचं शहर आहे. तिथं मिठाई तेरुवू नावाचा बाजार आहे, आपल्या गुलमंडीसारखाच जुना, गजबजलेला, कापडांच्या दुकानांचा. तिथं दुकानांत काम करणाऱ्या बायांना बसू देत नव्हते. संडास-मुतारीची सोय नव्हती, मग पाणीच कमी पिऊन बाया दिवस काढायच्या. पी. विजी नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं या बायांना एकत्र आणलं. त्यांच्या संघटनेचं नाव पेणकूट्टू, म्हणजे बायांची सोबत. आधी त्या मुतारीसाठी भांडल्या, मग बसायच्या हक्कासाठी. कित्येक वर्षं लागली. शेवटी २०१८ मध्ये केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात बदल केला आणि कामगारांना बसायची सोय देणं दुकानदारांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही तसाच बदल केला. आपल्या देशात कारखान्यांतल्या कामगारांसाठी हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलेलं होतं, की ज्यांना उभ्यानं काम करावं लागतं त्यांना मधूनमधून टेकायला जागा द्यावी. दुकानातल्या बाईच्या पायांना मात्र त्यानंतर सत्तर वर्षं थांबावं लागलं.

तुमच्या मुलीनं पहिल्याच दिवशी भांडण काढावं असं आम्ही म्हणत नाही. तिनं एवढं विचारावं, “काका, गिऱ्हाईक नसलं की टेकायला एखादं स्टूल ठेवू का?” बरेच मालक हो म्हणतात. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. स्टूल नसेल तर पायाखाली एक बुटका पाट ठेवावा आणि एक पाय त्यावर, थोड्या वेळानं दुसरा, असं करत राहावं. एका जागी खांबासारखं उभं राहू नये, पावलं हलवावीत. चप्पल मऊ तळव्याची, मागं पट्टा असलेली घालावी. घरी गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाय भिंतीला उंच टेकवून पडावं. आणि घरच्यांनी, विशेषतः सासूबाईंनी, सून बारा तासांनी घरी आल्यावर तिला ही पंधरा मिनिटं द्यावीत. आरोग्याची निम्मी कामं दुकानात होतात, निम्मी घरात.

चौथी गोष्ट, पाणी आणि मुतारी.

याबद्दल बोलायला आपण लाजतो, म्हणून आम्ही मुद्दाम रेडिओवर बोलतो. जुन्या बाजारात कित्येक दुकानांत बायांसाठी मुतारी नाही. मग मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत, दिवसभरही पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. त्यानं जळजळ, ताप, पाठीत दुखणं सुरू होतं. पुन्हा पुन्हा झालं तर मूत्रपिंडापर्यंत जातं. पाळीच्या दिवसांत तर फारच हाल. एकच पॅड नाहीतर कापड दिवसभर ठेवलं की खाज, पुरळ, जंतुसंसर्ग.

काम ठरवतानाच विचारायचं, “बायांची सोय कुठं आहे?” पगार विचारतो तितक्याच सहज विचारायचं. दुकानात नसेल तर शेजारच्या दुकानात, बाजाराच्या संकुलात आहे का, तिथं जायला सुट्टी मिळते का, ते ठरवून घ्यायचं. पिण्याचं पाणी, स्वच्छता, उजेड, हवा, प्रथमोपचार, आगीपासून बचाव, हे सगळं महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलेलं आहे. किती कामगार असले की कोणतं कलम लागू होतं, ते कामगार उपायुक्त कार्यालयात विचारलं तर सांगतात. कायदा काहीही असो, तहान सगळ्यांना सारखीच लागते. पाण्याची बाटली सोबत ठेवायची, दर दोन-तीन तासांनी जाऊन यायचं, पॅड चार-सहा तासांनी बदलायचं. जळजळ झाली तर मेडिकलमधून अंदाजानं गोळ्या आणायच्या नाहीत, डॉक्टरांना दाखवायचं.

पाचवी गोष्ट, माणसांपासूनची सुरक्षितता.

आई मुलीला घरातून काढताना सांगते, “जपून राहा बाई.” पण जपून राहा म्हणजे काय ते सांगत नाही. जपायची जबाबदारी एकट्या मुलीवर टाकली की काही झालं तर ती स्वतःलाच दोष देते आणि गप्प बसते. म्हणून नीट सांगूया. गोदामात मुद्दाम एकटीला बोलावणं, अरुंद जिन्यात घसटून जाणं, साडी नेसवून दाखव म्हणत हात लावणं, मोबाईलवर नको ते पाठवणं, घाणेरडे विनोद, पगारवाढीच्या बदल्यात काही मागणं, हे सगळं कायद्यानं लैंगिक छळ आहे. करणारा मालक असो, मॅनेजर असो, सोबतचा कामगार असो की गिऱ्हाईक असो.

हा कायदा कुठून आला, हे आपल्यासारख्या गावातल्या बायांनी लक्षात ठेवावं. राजस्थानात भंवरीदेवी नावाची कुंभार समाजातली बाई सरकारच्या योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करत होती. गावातला बालविवाह रोखायचा तिनं प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर बलात्कार झाला. आपलं काम करताना तिच्यावर हे संकट आलं, मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ मध्ये न्यायालयानं ‘विशाखा’ मार्गदर्शक सूचना दिल्या आणि त्यांतूनच पुढं २०१३ चा कायदा झाला. आज शहरातल्या मोठमोठ्या कचेऱ्यांत बसणाऱ्या बायांना जे संरक्षण आहे, ते गावात पायी फिरणाऱ्या एका बाईच्या हिमतीतून आलेलं आहे.

या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बाया आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. दुकानात दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. ग्रामीण भागासाठी तालुक्याला समन्वय अधिकारी नेमायची तरतूद आहे, त्यांच्याकडं तक्रार दिली तर ती त्यांनी सात दिवसांत समितीकडं पाठवायची असते. तक्रार घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करायची जबाबदारी समितीची. नाव गुप्त ठेवायचं असतं. घडलेल्या गोष्टीची तारीख, वेळ, कोण होतं, काय बोललं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायचं आणि मोबाईलवरचे मेसेज पुसायचे नाहीत. तातडीच्या मदतीला ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१.

घरी जायची वेळ हाही सुरक्षिततेचाच भाग. दिवाळीच्या दिवसांत दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधीच निघून जाते. २०१७ च्या त्याच कायद्यात लिहिलंय की रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती हवी, सुरक्षेची व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय हवी. म्हणून काम धरतानाच सांगायचं, “माझी शेवटची गाडी अमुक वाजता आहे, त्याआधी मला सोडावं लागेल, नाहीतर घरी पोचवावं लागेल.” हे सणाच्या गर्दीत, गल्ल्यापुढं उभं राहून मागायचं बोलणं नव्हे. आधीच मोकळेपणानं सांगायचं.

सहावी गोष्ट, कागद.

तुम्ही म्हणाल, सुरक्षेच्या बोलण्यात कागद कुठून आला? सांगतो. शिडीवरून पडून हात मोडला आणि हजेरीत नाव नसेल, तर ती मुलगी तिथं कामाला होती हे सिद्ध करता करता घरच्यांच्या चपला झिजतात. आमच्यातल्या एकीचा हात असाच मोडला, तेव्हा तिला ऐकायला मिळालं, “ती तर दोन दिवस बघायला म्हणून आली होती.”

म्हणून पहिल्याच आठवड्यात नाव हजेरीत चढलं का ते पाहायचं. नेमणुकीचं पत्र मागायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात ज्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देण्यावर भर आहे. पत्र मिळायला वेळ लागत असेल तर पगार बँक खात्यावर मागायचा, खात्यातली नोंद हाही पुरावाच. दुकानात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. त्यात कामगाराच्या पगारातून शंभराला पाऊण रुपया कापतात आणि मालक सव्वातीन रुपये भरतो. बदल्यात कामगाराला आणि घरच्यांना औषधोपचार मिळतो. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, जुनी नोकरी असावी लागत नाही. शहरात चिकलठाण्याला कामगार विमा रुग्णालय आहे. पगारातून पैसे कापत असतील तर आपला विमा क्रमांक मागून घ्यायचा. तो मिळाला नाही तर कापलेले पैसे जातात कुठं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ईएसआय लागू नसलेल्या लहान दुकानांतही कामावरच्या अपघाताची भरपाई मालकानं द्यायची, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून आहे.

तर या सहा गोष्टी : वाट, शिडी-ओझं-वीज, उभं राहणं, पाणी-मुतारी, माणसं आणि कागद. बोटांवर मोजता येतील इतक्याच.

आता मालकांबद्दल दोन शब्द, कारण तेही हा कार्यक्रम ऐकतात. गुलमंडीतले सगळे दुकानदार वाईट, असं आमचं म्हणणं नाही. कित्येकांनी आमच्या अडीनडीला पैसे दिलेत, लेकीच्या लग्नाला साड्या दिल्यात. जागा जुनी, वाटण्या झालेली, जिना अरुंद, हे त्यांनाही अवघड जातं. पण जिन्यावरची खोकी हलवायला पैसे लागत नाहीत. मागच्या दाराची किल्ली दाराजवळ खिळ्याला टांगायला पैसे लागत नाहीत. दोन स्टुलं आणि एक धड शिडी यांना एखाद्या भारी पैठणीपेक्षा कमी पैसे लागतात. नव्या मुलीला पहिल्या दिवशी अर्धा तास द्या. भाव सांगायच्या आधी वाट दाखवा. गिऱ्हाइकांनाही त्याच वाटेनं बाहेर काढायची वेळ आली, तर ते काम हीच मुलगी करणार आहे.

शेवटी गटाचं काम. एकटी नवी मुलगी विचारायला घाबरते. तिला वाटतं, विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. तिची भीती खरी आहे, कारण पाटी लागली की दहा मुली उभ्या असतात. पण एकाच गावातून पाच मुली जात असतील आणि पाचही जणी तेच विचारत असतील, तर ते भांडण वाटत नाही, रीत वाटते. म्हणून दिवाळीआधीच्या बैठकीत ज्या घरांतून कुणी कामाला जाणार आहे त्यांची नावं घ्या. मुलींना बैठकीला बोलवा. आधी काम केलेल्या बाईला त्यांच्यापुढं बसवा. प्रत्येकीच्या वहीत दुकानाचं नाव, पत्ता, मालकाचा नंबर आणि ११२, १०१, १०८, १८१ हे नंबर लिहा, त्याची एक प्रत गटाकडं ठेवा. कोण कोणत्या गाडीनं परत येते ते ठरवा, म्हणजे दोघी-तिघी मिळून येतील. महिन्यानं पुन्हा बसा आणि विचारा, पगार मिळाला का, पाय दुखतात का, कुणी त्रास देतं का. मुलगी लगेच बोलणार नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर बोलेल.

आणि ती बोलली तर पहिलं वाक्य “मग सोडून दे काम” हे नको. ते ऐकलं की पुढच्या वेळी ती काही सांगणार नाही, कारण तिला काम हवं आहे. काम टिकवून त्रास कसा थांबवायचा, यावर आधी बोला. सोडायचंच ठरलं तर तो निर्णय तिचा असू द्या, आणि तिचे राहिलेले पैसे आणायला गटातल्या दोघी-तिघींनी तिच्याबरोबर जा.

पुढच्या भागात आपण फॉल-पिको आणि घरी शिवणकाम करणाऱ्या बायांच्या डोळ्यांबद्दल आणि पाठीबद्दल बोलणार आहोत. तुमच्या गटातल्या कुणाला याबद्दल विचारायचं असेल तर चिठ्ठी लिहून ठेवा. आज इथंच थांबतो. सांभाळून जा, सांभाळून या. नमस्कार.